नाताळची सुट्टी, कोणाच्या जमिनीवर?



आगमनकाळ सुरू झाला की पूर्वी आपल्या घराघरांतून एकच विचारणा होत असे, "नाताळला कोण कोण येणार?" आता तिच्या जोडीला दुसरी आली आहे, "नाताळला कुठे जाणार?" गोवा, महाबळेश्वर आणि केरळ तर जुनेच झाले. मग दुबई आणि सिंगापूर आले. गेल्या काही वर्षांत केनिया आणि टांझानिया येथील सफारीचे नावही कानावर येऊ लागले आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे आणि ते सहा-साडेसहा तासांत पोहोचते. म्हणजे जासईहून एसटीने नगर जिल्ह्यातील आपल्या गावी जायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्याच वेळात माणूस आफ्रिकेत उतरतो. त्यात आता विमानतळच आपल्या दाराशी आला आहे. नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली तीही 25 डिसेंबर 2025 रोजी, नेमक्या ख्रिस्तजयंतीच्या दिवशी! आफ्रिकेला जायचे तर अजून सांताक्रूझ-सहारचाच जुना विमानतळ गाठावा लागतो, पण मनाने आपण सगळेच थोडे आधी उडू लागलो आहोत.

यावर घरात वाद होतात. वडीलधारी माणसे म्हणतात, "सणाला घराला कुलूप लावून सिंह बघायला जायचे, हे ख्रिस्ती माणसाला शोभते का?" मुले म्हणतात, "वर्षभर राबतो, रजा तेव्हाच मिळते. देवाने निर्माण केलेली सृष्टी बघायला जाण्यात पाप कसले?" दोन्ही बाजूंना वजन आहे. म्हणून या रविवारी आपण या प्रश्नाचा थोडा निवांतपणे विचार करू या. आमचे म्हणणे सगळ्यांना पटेलच असे नाही.

आधी सोपी गोष्ट हातावेगळी करू. नाताळला मिस्सा चुकते, हा आक्षेप टिकत नाही. ख्रिस्तजयंती हा बंधनकारक सण आहे, पण ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे ते बंधन जगातील कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये, त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी मिस्सात सहभागी होऊन पूर्ण करता येते. केनिया आणि टांझानिया या दोन्ही देशांत कॅथलिक भाविकांची संख्या मोठी आहे. नैरोबी शहराच्या मध्यावर पवित्र कुटुंबाला वाहिलेले महामंदिर आहे. मसाई मारा ज्या नारोक भागात येते तो भाग न्गाँग धर्मप्रांतात आहे, आणि सेरेंगेटीला जाणारे बहुतेक प्रवासी ज्या अरुशा शहरातून जातात तेथे तर महाधर्मप्रांत आहे. तेव्हा "तिकडे चर्च कुठे असणार?" हे कारण मनातून काढून टाकलेले बरे. अडचण चर्चची नसते. सकाळी साडेपाचला गाडी निघते, मग मिस्सा कुठे बसवायची, ही अडचण असते. आणि ती अडचण जासईतही असते, फक्त तिची कारणे वेगळी असतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. आफ्रिकेची सफारी स्वस्त नाही. एका उदाहरणावरून कल्पना येईल. 2024 पासून मसाई मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढ पर्यटकाला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला 200 डॉलर प्रवेशशुल्क पडते, म्हणजे 17-18 हजार रुपये, आणि तेही फक्त आत शिरण्याचे. गाडी, राहणे, जेवण आणि विमान हे सगळे वेगळे. (एक जानेवारीला हेच शुल्क निम्म्यावर येते. सणाचा भाव सगळीकडेच चढा असतो, मग ते पापलेट असो की सिंहाचे दर्शन.) चार जणांच्या कुटुंबाचा हिशेब काही लाखांत जातो. एवढ्या पैशात कोणाच्या मुलीची फी भरली असती, कोणाचे ऑपरेशन झाले असते, असे लगेच मनात येते. पण इथे आम्ही थोडे सावध आहोत. बेथानी गावात मरियेने प्रभू येशूच्या पायांना महागडे सुगंधी तेल लावले, तेव्हा "हे विकून गोरगरिबांना पैसे का दिले नाहीत?" असे विचारणारा यहूदा होता. दुसऱ्याच्या पाकिटाचा हिशेब मांडायला आपल्याला फार आवडते. ज्याने आयुष्यभर बंदरात पाळ्या केल्या, मुलांना शिकवले, आईवडिलांची सेवा केली, त्याने निवृत्तीनंतर एकदा हत्तींचा कळप डोळे भरून पाहिला तर त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला तरी नाही. ज्याने त्याने स्वतःच्या वहीत बघावे.

पण त्याच वहीचे एक पान आम्हाला महत्त्वाचे वाटते. आपल्या धर्मग्रामात अशी काही घरे आहेत जिथे एकच म्हातारे माणूस राहते. मुले ऐरोलीला, वसईला, कॅनडाला. त्या माणसाच्या दृष्टीने नाताळ म्हणजे गोठ्यातली चित्रे नव्हेत की कलकल-करंज्यांचा डबाही नव्हे. वर्षातून एकदा दाराची कडी आपल्या माणसाने वाजवावी, हाच त्याचा नाताळ. अशा घरातला मुलगा जर नाताळात सफारीला निघाला असेल, तर तो आईला सांगतो, "आई, आम्ही नवीन वर्षात येतोच." आई म्हणते, "जा रे बाबा, मजा करा." ती खरेच मनापासून म्हणते. त्याच कारणाने ते ऐकून मोकळे होता येत नाही. जनावरे सत्तावीस तारखेलाही तिथेच असतात. आई मात्र पंचवीस तारखेची वाट पाहत बसलेली असते. आमचे मत विचाराल तर नाताळ घरी करून निघावे. विमानाचे तिकीट दोन दिवस पुढे नेण्याने काही बिघडत नाही, आणि नाताळकाळ काही एका दिवसात संपत नाही, तो प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. ज्यांना रजाच अशी मिळते की दुसरा मार्ग नाही, त्यांनी आईलाही बरोबर न्यावे, किंवा निदान तिच्या जेवणाच्या पंगतीला कोण असेल हे ठरवून मगच बॅग भरावी.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वरच्या सगळ्या गोष्टी गोव्याच्या सहलीलाही लागू होतात. आफ्रिकेच्या सफारीत वेगळे काय आहे?

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला. त्याचा अर्थ नुसता 'प्रवास'. अरबीतून तो तिकडे गेला आणि त्याच घराण्यातला 'सफर' आपल्याकडे मराठीत आला. नाताळाच्या कथेत आफ्रिकेचा एक प्रवास आहेच. हेरोद राजाच्या तलवारीपासून बाळाला वाचवण्यासाठी योसेफ आणि मरिया रातोरात मिसर देशात गेले. मिसर हा आफ्रिकेतच येतो. म्हणजे आफ्रिकेला गेलेले पहिले नाताळचे कुटुंब पर्यटक नव्हते. स्वतःचे घरदार सुटलेले ते एक निर्वासित कुटुंब होते. पुढे जे सांगायचे आहे त्यासाठी ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

सृष्टी पाहून मन भरून येणे ही चांगली गोष्ट आहे, यात शंका नाही. सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान 14,763 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या दुपटीहून मोठे. त्या गवताळ प्रदेशात दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट, म्हणजे गाईच्या तोंडवळ्याचे दाढीवाले हरिण, पावसाच्या मागे मागे वर्षभर फिरत असतात. माहितीपटात दाखवतात ते मारा नदी ओलांडण्याचे दृश्य साधारण जुलै ते ऑक्टोबरमधले. डिसेंबरात हे कळप दक्षिणेकडे सरकलेले असतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या माद्या वितात. जन्मल्यावर काही मिनिटांतच पाडस पायावर उभे राहते आणि आईमागे धावू लागते, कारण तरस आणि सिंह जवळच असतात. हे ज्याने पाहिले त्याला निर्माणकर्त्याची आठवण झाली नाही तरच नवल. असिसीकर संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला तेव्हा त्याने मातीचे पुतळे आणले नाहीत, खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले. प्राण्यांच्या सहवासात नाताळ अधिक कळतो, असे त्यालाही वाटत असावे.

पण पाहण्या-पाहण्यात फरक असतो. सफारीवर 'बिग फाइव्ह'चे मोठे प्रस्थ आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. हे पाच प्राणी सर्वांत सुंदर म्हणून निवडलेले नाहीत. पायी शिकार करायला जे सर्वांत अवघड आणि धोकादायक त्यांची ही गोऱ्या शिकाऱ्यांनी केलेली यादी. केनियात 1977 पासून शिकारीला बंदी आहे, बंदूक जाऊन कॅमेरा आला, यादी मात्र तशीच राहिली. पाचही झाले की सफारी 'वसूल'. एखादी चित्त्याची मादी दिसली की वायरलेसवर निरोप जातो आणि गाड्यांचा वेढा पडतो. चित्ता दिवसा शिकार करणारा प्राणी, त्याला गर्दी सोसत नाही. मसाई मारात झालेला आणि 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की जिथे पर्यटकांची वर्दळ फार, तिथे चित्त्याची मादी सरासरी एकही पिल्लू मोठे करू शकत नाही, आणि जिथे वर्दळ कमी, तिथे दोनाहून अधिक पिल्ले जगतात. म्हणजे आपण 'किती गोड' म्हणत ज्याचा फोटो काढतो, त्याच्या उपाशी राहण्याला आपण उभे केलेले वाहनही कारण असू शकते.

तरीसुद्धा जनावरांचे दुःख हा या विषयाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग समजायला जासईच्या माणसाइतका लायक माणूस दुसरा मिळणार नाही.

सफारीचे कोणतेही छायाचित्र पाहा. क्षितिजापर्यंत गवत, एखादे बाभळीचे छत्रीसारखे झाड, त्याखाली सिंह. माणूस कुठेच नाही. पाहणाऱ्याला वाटते, देवाने सृष्टी निर्माण केली तेव्हापासून हे असेच रिकामे आहे. तसे ते नाही. त्या माळावर मसाई लोक पिढ्यान् पिढ्या गुरे चारत होते. 'सेरेंगेटी' हे नावच त्यांच्या भाषेतल्या शब्दावरून आले असे मानतात. अर्थ, जिथे जमीन संपतच नाही ते ठिकाण. इंग्रजांनी केनियात 1904 आणि 1911 साली मसाईंशी करार केले आणि उत्तम कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी मोकळी करून घेतली. कराराचा कागद होता, अंगठे होते. तो कागद कोणत्या भाषेत होता आणि कोणाला वाचता येत होता, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या सातबाऱ्याचे अनुभव असलेल्यांना वेगळे सांगायला नको. पुढे टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1959 साली तिथल्या मसाईंना हलवून शेजारच्या न्गोरोंगोरो क्षेत्रात पाठवण्यात आले. तिथे तुमचे हक्क राहतील, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्रझिमेक यांचा सेरेंगेटी वाचवा असे सांगणारा माहितीपट आला, त्याला ऑस्कर मिळाले आणि जगाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यासारखे काम त्यात होतेच. मात्र राष्ट्रीय उद्यानात माणूस, अगदी तिथला मूळचा माणूससुद्धा, नको, असे त्यांचे ठाम मत होते.

ही गोष्ट 1959 साली संपली नाही. न्गोरोंगोरोतून मसाई कुटुंबांना सुमारे 600 किलोमीटर दूर, टांगा प्रांतातील म्सोमेरा येथे हलवणे 2022 साली सुरू झाले. सरकार म्हणते, हे स्थलांतर स्वखुशीचे आहे, माणसे आणि गुरे वाढली आहेत, नव्या जागी घर आणि जमीन देतो. मसाई संघटना म्हणतात, शाळा-दवाखान्यांचा पैसा आटवला की माणूस 'स्वखुशीने'च निघतो. त्याच वर्षी जूनमध्ये लोलिओंडो भागात 1,500 चौरस किलोमीटर जमिनीवर हद्दीचे खांब रोवताना पोलीस आणि मसाई यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला, अनेक जण जखमी झाले आणि एक पोलीसही मृत्यू पावला.

हद्दीचे खांब, जमाव, गोळीबार. जासईत हे शब्द वाचताना कोणाला काय आठवते ते सांगायला हवे का? सिडको 1970 साली स्थापन झाली. नवे शहर आणि पुढे न्हावा-शेवा बंदर यांसाठी आपल्या परिसरातील गावांच्या जमिनी संपादित होऊ लागल्या. याच जासईत जन्मलेले दि. बा. पाटील शेतकऱ्यांचे नेतृत्व करीत उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवशी पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. जासईच्या हुतात्मा स्मारकावर दर जानेवारीत त्यांना अभिवादन होते. त्या बलिदानातून साडेबारा टक्क्यांचे तत्त्व मान्य झाले. म्हणजे ज्याची जमीन गेली, त्याला गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत मिळावा. आपल्यातील बरेच जण नोकरीनिमित्त नंतर इकडे आले, कोणी वसईहून, कोणी नगर-संभाजीनगरकडून. पण ज्या इमारतीत आपण राहतो, ती बहुधा अशाच एखाद्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी आहे. एका आगरी शेतकऱ्याचे भाताचे खाचर किंवा मिठागर आपल्या फरशीच्या खाली आहे.

आता हा प्रश्न पाहा. जासईचा माणूस नाताळच्या सुट्टीत सेरेंगेटीच्या माळावर उघड्या टपाच्या जीपमध्ये उभा राहून "काय मोकळी जमीन आहे!" असे म्हणतो. बंदरात आलेल्या एखाद्या परदेशी पाहुण्याने कंटेनरच्या यार्डाकडे बघून "किती मोकळी जागा मिळाली तुम्हाला!" असे म्हटले तर आपल्या पोटात जे कालवते, तेच मसाई माणसाच्या पोटात कालवत असेल. आपल्याकडे जमीन विकासासाठी गेली. त्यांची जनावरांसाठी गेली. जमीन जाणाऱ्याला या दोन्हींमधला फरक फार मोठा वाटत नाही.

लगेच कोणी म्हणेल, मग जनावरांनी जायचे कुठे? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. केनियात 1970 च्या सुमारास काळे गेंडे 20 हजारांच्या आसपास होते, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 400 सुद्धा उरले नव्हते. चोरट्या शिकारीपुढे राखीव जंगले, पहारेकरी आणि पर्यटकांचा पैसा नसता तर आज एकही उरला नसता. आपल्याही देशात हेच कोडे आहे. मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलातून 24 गावे उठवली गेली, ती गुजरातच्या सिंहांसाठी. सिंह आलेच नाहीत, आणि 2022 साली तिथे नामिबियाहून चित्ते आले. ताडोबात आणि मेळघाटातही गावे उठली आहेत. काहींना बाहेर येऊन रस्ता, शाळा, दवाखाना मिळाला आणि ते सुखी आहेत. काहींना जंगल सुटल्याचे दुःख अजून आहे. तेव्हा उद्याने बंद करा, असे म्हणणे आमच्या मनात नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की धरतीचे रडणे आणि गरिबाचे रडणे वेगवेगळे ऐकता येत नाही. आम्हाला त्याचा अर्थ असा वाटतो, की गेंडा वाचवताना गुराख्याचा विसर पडला तर वाचवण्याचे काम अर्धे राहते.

आणि यातून मार्ग निघतो, हेही तिकडेच पाहायला मिळते. मसाई मारा राखीव क्षेत्राच्या सीमेला लागून गेल्या वीसेक वर्षांत काही संवर्धन क्षेत्रे तयार झाली आहेत. ओलारे ओरोक, नाबोईशो ही त्यांतली काही नावे. तिथली जमीन सरकारची नाही, शेकडो मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. त्यांनी ती विकली नाही, भाड्याने दिली. पर्यटन कंपन्या दरमहा ठरलेले भाडे देतात, मग पर्यटक येवोत की न येवोत. तंबू आणि गाड्या किती असाव्यात याला मर्यादा आहे. ठरवून दिलेल्या पद्धतीने गुरेही चरतात. सगळे आलबेल आहे असे मात्र नाही. 2020 साली करोनाने पर्यटन थांबले तेव्हा भाड्यात कपात झाली आणि एका उत्पन्नावर विसंबलेली घरे हवालदिल झाली. जमिनीचा कागद बहुधा पुरुषाच्या नावावर असल्याने भाडेही त्याच्याच हातात जाते. स्वतःच्याच जमिनीवर घर बांधता येत नाही, याची कुरकुरही असते. तरी मूळ विचार पाहा. आपल्याला साडेबारा टक्के परत मिळवण्यासाठी पाच जीव द्यावे लागले. तिथे जमीन शंभर टक्के मालकाकडेच राहते. दि. बां.च्या गावातील माणसाला या व्यवस्थेत रस वाटला नाही, तर कोणाला वाटेल?

आपल्याच पायाखाली काय चालले आहे, हेही जाता जाता. सफारीला जाण्याआधी एखाद्या सकाळी भरती-ओहोटी बघून उरणच्या पाणजे पाणथळीकडे जरूर जावे. हिवाळ्यात रोहित पक्षी, चित्रबलाक आणि दूर उत्तरेकडून आलेले चिखलपक्षी तिथे दिसतात. तिवरांत कोल्हे आहेत. रात्री त्यांची कोल्हेकुई आपल्यातील काहींनी ऐकलीही असेल. मात्र या पाणथळीत भरतीचे पाणी पुरेसे येऊ दिले जात नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावठाणे हलली. इथली पाखरेही प्रकल्पग्रस्तच म्हणायची, फक्त त्यांना साडेबारा टक्के मिळाले नाहीत. आम्ही कोणाला 'आफ्रिका सोडा, पाणजे बघा' असे सांगत नाही. रोहित पक्षी हा काही हत्तीला पर्याय नव्हे. पण जो माणूस चारचाकीची काच वर करून पाणजेजवळून जातो आणि नाकुरू तलावाच्या काठी रोहित बघायला डॉलर मोजतो, त्याने निदान आपल्या मुलांच्या प्रश्नांची तयारी ठेवावी.

आणखी एक माणूस आहे, ज्याचा विचार माहितीपत्रकात नसतो. तो म्हणजे आपली जीप चालवणारा. तोच वाटाड्या, तोच प्राण्यांची नावे सांगणारा, टायर पंक्चर झाला तर तोच खाली उतरणारा. केनियात दहापैकी आठांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. तेव्हा बहुधा तोही ख्रिस्ती असतो. नाताळात नैरोबी शहर रिकामे होते. गणपतीला मुंबईचा चाकरमानी जसा कोकणात पळतो, तसा तिथला चाकरमानी आपल्या गावी पळतो. गाड्यांचे भाडे वाढते, बसला लटकून माणसे जातात, गावी बकरा कापला जातो, आजी वाट बघत असते. आणि बरोबर त्याच आठवड्यात परदेशी पर्यटकांची गर्दी असल्यामुळे आपला जीपवाला गावी जाऊ शकत नाही. आपला नाताळ साजरा व्हावा म्हणून त्याचा नाताळ बुडतो. सणाला काम करावे लागणे यात नवीन काही नाही. आपले बंदर नाताळला बंद नसते, आपल्या परिचारिका भगिनी त्या रात्री पाळीवर असतात, आणि बेथलेहेमचे मेंढपाळही रात्रपाळीवरच होते. त्या कामाचा त्याला पैसा मिळतो, बक्षिसीही मिळते, आणि अनेकदा त्याला तो हवाही असतो. पण आपण ख्रिस्ती, तोही ख्रिस्ती, दिवस ख्रिस्तजयंतीचा, आणि दोघे एका गाडीत. अशा वेळी "चल, आज सकाळची फेरी राहू दे, जवळच्या चर्चमध्ये आपण दोघेही जाऊ," असे म्हणायला काय लागते? एका फेरीचे पैसे बुडतात, एखादा बिबट्या हुकतो. स्वाहिलीतली मिस्सा आपल्याला शब्दाने कळणार नाही, पण कोणता भाग चालू आहे ते कळेल. इतकी वर्षे आपण मिस्सा ऐकली आहे ती कशासाठी?

ज्या कुटुंबांचे जायचे ठरले आहे त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जवळ असावा लागतो. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच ती लस घ्यावी. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते. दाखला नसेल तर परतल्यावर सहा दिवस विलगीकरणात ठेवतात, आणि मग नाताळ नाही की नवीन वर्ष नाही. बुकिंग करताना एजंटला हॉटेलमधल्या पोहण्याच्या तलावाबद्दल विचाराल, तसे हेही विचारावे, की आपण जिथे राहणार ती जमीन कोणाची आहे, आणि तिच्या मालकाला आपल्या पैशातले काय मिळते. चित्त्याभोवती पाचाहून अधिक गाड्या असतील तर आमची गाडी थांबवू नका, हे चालकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे बक्षिसीच्या आशेने त्याला नियम मोडावा लागणार नाही. 25 तारीख प्रवासातच येणार असेल, तर त्या दिवशी चालकाची मिस्सा आणि घरी बोलण्यापुरता वेळ कार्यक्रमात लिहून मागावा. यातल्या जमिनीच्या प्रश्नावर एजंट बहुधा गोंधळतो, आणि "सर, हे आजवर कोणी विचारले नाही," म्हणतो. त्याला दोन दिवसांचा अवधी द्यावा. उत्तर आले नाही, तर दुसरा एजंट बघावा.